खोलीचा स्वर

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यानें मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडली, कीं चाकणच्या अलीकडे कुरुळी हें गांव लागतें. एका अंगास आळंदी, दुसऱ्या अंगास देहू, आणि मध्यें आतां कारखान्यांची दाट वस्ती. ह्या गांवांतील एका घरांत झालेल्या लहानशा वादापासून आजच्या भाषणास आरंभ करतों. घर माझेंच आहे.

आमचें जुनें घर जाड मातीच्या भिंतींचें आणि कौलारू होतें. तें पाडून त्या जागीं सिमेंट-काँक्रीटचें नवें घर बांधलें. त्याची बैठकीची खोली ५ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद व २.९ मीटर उंच आहे. समोरच्या आंखूड भिंतीशीं मीं दोन ध्वनिवर्धक ठेवले आणि एके संध्याकाळीं ‘काळी एक’ ह्या पट्टींत गाणाऱ्या एका गवयाची ध्वनिमुद्रिका लावली. वडील मागच्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढें आरामखुर्चींत बसले होते. कांहीं वेळ ऐकून ते म्हणाले, “अरे, तानपुऱ्याचा खर्ज गेला कुठें?” आई मागच्या भिंतीला टेकून दिवाणावर बसली होती. ती म्हणाली, “गेला कुठें? नुसता घुमतोय! त्याच्यापुढें गाणें ऐकूं येईना.” यंत्र एक, ध्वनिमुद्रिका एक, वेळ एक, आणि दोघांमधील अंतर अवघें सव्वा मीटर. मग खरें कोणाचें?

दोघांचेंही खरें होतें. तें कसें, हें उलगडण्यासाठीं बंदिस्त जागेंतील ध्वनीचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे. त्या इतिहासाचे तीन कालखंड पडतात. पहिल्यांत मनुष्य केवळ कानानें ऐकत होता, दुसऱ्यांत तो मोजूं लागला, आणि तिसऱ्यांत गणितानें दुरुस्ती करूं लागला.

पहिल्या कालखंडाची साक्ष पाहण्यास फार दूर जावयास नको. सोलापूरच्या दक्षिणेस विजापूर येथें महंमद आदिलशहाची कबर आहे. तो १६५६ सालीं मरण पावला. त्याच्या कबरीवरील गोल घुमटाचा आंतील व्यास सुमारें ३८ मीटर आहे. घुमटाच्या आंतून फिरणाऱ्या सज्जांत एका बाजूस तोंड भिंतीकडे करून कुजबुजावें, तों समोरच्या बाजूस तें स्पष्ट ऐकूं येतें; आणि एक टाळी वाजविली तर ती अनेक वेळां परत येते. बांधणाऱ्याच्या मनांत हा चमत्कार होता कीं नव्हता, तें आज सांगतां येत नाहीं. परंतु एक गोष्ट तेथें गेलेल्या प्रत्येक मनुष्यास कळते: बोलणारा जितका बोलतो तितकीच वास्तूही बोलते.

ह्या घुमटाकडे चमत्कार म्हणून न पाहतां प्रयोगाची वस्तु म्हणून पाहणारांत चंद्रशेखर वेंकट रामन हे प्रमुख होत. लंडनच्या सेंट पॉल ह्या देवळांतील अशाच सज्जाचें स्पष्टीकरण लॉर्ड रॅले ह्यांनीं पूर्वीं दिलें होतें. ध्वनीच्या लाटा वक्र भिंतीला चिकटून सरपटत जातात, असा त्याचा आशय होता. रामन ह्यांनीं तो सज्जा स्वतः तपासला आणि १९२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत विजापूरच्या गोल घुमटाचाही विचार केला. भिंतीपासून दूर सरकत गेल्यास आवाज एकसारखा मंद होत जात नाहीं, तर तो चढतो, उतरतो व पुन्हां चढतो, असें त्यांना आढळलें. कुरुळींतील आई-वडिलांच्या वादाचें बीज ह्या चढउतारांतच आहे. त्याकडे मी पुढें येईन.

घुमटांत ध्वनि मुक्त फिरतो. नाटकगृहांत त्याला शिस्त लावावी लागते. ३१ ऑक्टोबर १८८० ह्या दिवशीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें मराठी गायकनट विजेच्या कसल्याही साहाय्यावांचून शेवटच्या रांगेपर्यंत पद पोंचवीत. गळ्याची तयारी हा त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग लांकडी रंगमंच, लांकडी सज्जे आणि दाटीवाटीनें बसलेला प्रेक्षकवर्ग ह्यांचा. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत बांधविलेलें व १९१५ सालीं पुरें झालेलें पॅलेस थिएटर ह्याच परंपरेंतलें. त्याला पुढें केशवराव भोसले ह्यांचें नांव देण्यांत आलें. असलीं घरें बांधणारे कारागीर अनुभवानें चालत. एखादें घर चांगलें साधलें तर तें कां साधलें, आणि बिघडलें तर कोठें बिघडलें, हें सांगणारें शास्त्र त्यांच्या हातीं नव्हतें.

तें शास्त्र अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत जन्मास आलें, आणि तेंही एका फसलेल्या खोलीच्या निमित्तानें. तेथील फॉग संग्रहालयांतील व्याख्यानगृहांत बोललेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. तेवढ्यांत वक्ता पुढचीं बारा-पंधरा अक्षरें बोलून जाई आणि सगळ्यांची खिचडी होई. १८९५ सालीं वॉलेस सॅबाइन ह्या तरुण अध्यापकाकडे हें काम आलें. त्याच्यापाशीं साधनें म्हणाल तर ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. शेजारच्या नाट्यगृहांतील बैठकीच्या गाद्या तो मध्यरात्रीनंतर उचलून आणी, नळी वाजवून बंद करी, आवाज ऐकेनासा होईपर्यंतचा वेळ मोजी, आणि पहांटेपूर्वीं गाद्या परत नेऊन ठेवी. आवाज किती शोषला जातो हें मोजण्यासाठीं त्यानें उघड्या खिडकीचें माप घेतलें. कारण खिडकींतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाहीं. ह्या मापावरून त्यानें नियम बसविला: खोलीचें आकारमान जितकें मोठें तितका निनाद लांबतो, आणि शोषण जितकें अधिक तितका तो आटोपतो. ह्या नियमाच्या आधारें बांधलेलें बोस्टन येथील सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजीं उघडलें. बांधण्यापूर्वींच गणितानें निनाद ठरविण्याचा काळ तेथून सुरू झाला. आपल्याकडे मुंबईंत १९८० सालीं उघडलेल्या टाटा थिएटरची ध्वनिरचना सिरिल हॅरिस ह्या तज्ज्ञानें वास्तुकार फिलिप जॉन्सन ह्यांच्या जोडीनें केली, ती ह्याच शास्त्राच्या बळावर.

सॅबाइनचा हा नियम हातांत घेतला, कीं आमच्या जुन्या घराचें कोडें सुटूं लागतें. वडील आजही म्हणतात, “जुन्या घरांत साधा रेडिओसुद्धां गोड वाजे.” मी ही म्हाताऱ्या माणसाची हळहळ समजत होतों. परंतु विचार करा. त्या घरांत भिंतीला गोधड्यांची चळत होती, कोपऱ्यांत धान्याचीं पोतीं होतीं, दोरीवर कपडे होते. वरचा आवाज ह्यांत मुरे. वर कौलें होतीं, आणि त्यांच्या असंख्य फटींतून खालचा घुमारा बाहेर पडे. सॅबाइनच्या भाषेंत सांगावयाचें तर आमच्या घराला वरच्या अंगानें एक मोठी उघडी खिडकी होती. नव्या घरांत ती आम्हींच काँक्रीट घालून बंद केली.

येथें एक नवी अडचण उभी राहते. सॅबाइनचा नियम मोठ्या सभागृहांसाठीं अचूक चालतो. लहान खोलींत मंद्र स्वरांना तो पुरा पडत नाहीं. ह्याचें कारण साधें आहे. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. काळी एकचा खर्ज सेकंदास सुमारें ६९ कंपनांचा. म्हणजे त्याची एक लाट बरोबर ५ मीटर लांब. आणि आमची खोलीही ५ मीटर लांब. ती लाट दोन भिंतींमध्यें मापून शिवलेल्या अंगरख्याप्रमाणें बसते. पुढें जाणारी व भिंतीवरून परत येणारी लाट एकमेकींत मिळून हवेंत ठराविक जागा पक्क्या करतात. दोन्ही भिंतींशीं आणि खोलीच्या मध्यावर तो स्वर फुगतो. भिंतींपासून सव्वा-सव्वा मीटरवर तो जवळजवळ नाहींसा होतो. आई फुगवट्याच्या जागीं बसली होती. वडिलांची खुर्ची नेमकी रिकाम्या जागीं पडली होती. तानपुऱ्याचे वरचे अंशस्वर दोघांनाही ऐकूं येत होते. त्यांखालचा पाया मात्र एकाला मिळाला नाहीं व दुसऱ्याला फार मिळाला. जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोएडर ह्यांनीं दाखविलें, कीं प्रत्येक खोलीला एक सीमा असते. त्या सीमेच्या खालीं असे सुटे फुगवटे राज्य करतात आणि वर त्यांची गर्दी होऊन सॅबाइनचा हिशेब लागूं पडतो. आमच्या खोलींत ही सीमा सुमारें २०० कंपनांपाशीं येते. तबल्याच्या बायाचा व खर्जाचा सारा कारभार तिच्या खालीं चालतो.

आतां दुरुस्तीचा कालखंड. ध्वनि एकदां विजेच्या तारेंतून वाहूं लागल्यावर खोलीचा दोष तारेंतच काढावा, ही कल्पना सुचणें साहजिक होतें. १९६० नंतरच्या दशकांत टेक्सस येथील सी. पी. बोनर ह्यांनीं प्रार्थनागृहांत जे स्वर घुमत तेवढेच हेरून विजेच्या गाळण्यांनीं दाबण्याची पद्धति रूढ केली. परंतु अशी गाळणी फक्त स्वर चढवूं वा उतरवूं शके. निनाद काळाच्या ओघांत कसा उठतो व कसा विरतो, त्याचा पुरा हिशेब तिला ठेवतां येत नसे.

तो हिशेब ठेवण्यासाठीं दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली म्हणजे ध्वनीचें आंकड्यांत रूपांतर. ह्यालाच आपण डिजिटल म्हणतों. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीची लाट सेकंदास ४४,१०० वेळां मोजून ठेवलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे गणनेचा वेग. खोलींत एकच तीक्ष्ण टाळी वाजवावी आणि पुढें एका सेकंदांत जें जें परत येईल तें सर्व टिपून घ्यावें, म्हणजे तो त्या खोलीचा ठसा झाला. त्याच्यावरून तितक्याच लांबीची सुधारणा करावयाची, तर संगीताच्या प्रत्येक सेकंदासाठीं ४४,१०० गुणिले ४४,१००, म्हणजे १९४ कोटींहून अधिक गुणाकार करावे लागतात. कोणतीही लाट साध्या कंपनांत फोडतां येते, हें फूर्ये ह्या फ्रेंच गणितज्ञानें १८२२ सालीं उष्णतेवरील ग्रंथांत मांडलें होतें. त्या फोडीचा आंखूड मार्ग कूली व टुकी ह्यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केला, आणि कोट्यवधि गुणाकारांचें ओझें त्यामुळें थोडक्यावर आलें. पुढें २००० सालीं इटलींतील आंजेलो फारिना ह्यांनीं टाळीऐवजीं खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा एकच लांब स्वर वाजवून तोच ठसा अधिक स्वच्छ मिळविण्याची रीत दिली. आज घरोघरच्या संगणकावर चालणारी खोलीची मोजणी बहुधा ह्याच रीतीनें होते.

येवढें सामर्थ्य हातीं आल्यावर मनुष्यास वाटणारच, कीं ठशाचा उलटा ठसा काढावा आणि खोलीच पुसून टाकावी. ह्या आशेला १९७९ सालीं स्टीफन नीली व जॉन्ट ॲलन ह्यांनीं मर्यादा घातली. खोलीचा ठसा सरसकट उलटवितां येत नाहीं, असें त्यांनीं दाखवून दिलें. जो स्वर दोन लाटांनीं एकमेकांस मारून एखाद्या जागीं शून्य केला, तो त्या जागीं वाढवूं म्हटल्यास दोन्ही लाटा सारख्याच वाढतात आणि शून्य तें शून्यच राहतें. शिवाय वरच्या स्वरांत लाट इतकी आंखूड असते, कीं सेकंदास ३,४५० कंपनांच्या स्वराची लांबी केवळ १० सेंटीमीटर. मान थोडी वळविली तरी चित्र पालटतें. एका बिंदूसाठीं काढलेली सुधारणा शेजारच्या बिंदूस बिघाड ठरते.

आमच्या घरीं पहिल्या रात्रीं मीं हीच चूक केली. वडिलांच्या खुर्चीशीं मायक्रोफोन ठेवला, मोजणी घेतली, आणि आलेखांत जो खड्डा दिसला तो १० डेसिबेलनें भरून काढण्यास संगणकास सांगितलें. १० डेसिबेल म्हणजे दहापट शक्ति. वडिलांना फरक जाणवला नाहीं. आई मात्र दिवाणावरून उठून आंत निघून गेली.

दुसऱ्या दिवशीं क्रम बदलला. प्रथम वडिलांची खुर्ची दोन फूट मागें घेतली. खर्ज परत आला, पण आईला बोचत होता तसा फुगून आला. मग मागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगली व खालीं सतरंजी अंथरली; वरचा कलकल करणारा निनाद निवला. खालच्या फुगवट्याला गोधडी पुरी पडत नाहीं, कारण ५ मीटरच्या लाटेपुढें दोन बोटें जाडीचें कापड म्हणजे कांहींच नव्हे. त्यानंतरच यंत्रास हात लावला. मायक्रोफोन दोघांच्या डोक्यांच्या उंचीवर आणि भोंवतालीं मिळून नऊ जागीं ठेवला, प्रत्येक जागीं सरकता स्वर वाजविला, नऊ मोजण्यांची सरासरी काढली. २०० कंपनांच्या खालचे जे फुगवटे सर्व जागीं समान दिसले तेवढेच उतरविले. एकही खड्डा भरला नाहीं. आतां आई व वडील दोघेही फुगवट्याच्या प्रदेशांत बसले असल्यामुळें एकच उतार दोघांनाही मानवला. वडिलांनीं तीच ध्वनिमुद्रिका ऐकली. ते म्हणाले, “खर्ज आला. पण जुन्या घरासारखें नाहीं.”

त्यांच्या ह्या वाक्यानें मला कामाचा खरा अर्थ कळला. यंत्र खोलीच्या वागण्यांतला कांहीं अतिरेक काढून घेऊं शकतें. जी खोली कधीं मोजलीच गेली नाहीं, ती आणून देणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. आणि वडिलांच्या कानांविषयींही तेंच. तीस वर्षें त्यांनीं पत्रा कापणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटांत काम केलें. वरचे सूक्ष्म स्वर त्यांना आतां ऐकूं येत नाहींत. मायक्रोफोनला ही गोष्ट ठाऊक नसते. म्हणून आलेख सरळ झाला तरी शेवटचा निवाडा खुर्चींत बसणाऱ्याकडेच ठेवावा, हें मी शिकलों.

परंतु मोजणीचा आणखी एक उपयोग आहे, आणि दुरुस्तीपेक्षां तो मोठा आहे असें मला वाटतें. व्हेनिस येथील ‘ला फेनिचे’ हें प्रसिद्ध संगीतनाट्यगृह १९९६ च्या जानेवारींत आगींत भस्म झालें. सुदैवानें त्याच्या अवघे कांहीं महिने आधीं फारिना व लांबेर्तो त्रोंकिन ह्यांनीं तेथील ध्वनीचा ठसा घेऊन ठेवला होता. घर जळालें, पण त्याचा स्वर कसा होता ह्याची नोंद राहिली. पुनर्बांधणीच्या वेळीं तिचा आधार घेतां आला, आणि २००३ सालीं तें नाट्यगृह पुन्हां उघडलें. आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्यें कोल्हापूरचें केशवराव भोसले नाट्यगृह जळालें तेव्हां, ज्यांनीं तेथें कधीं गाणें ऐकलें होतें अशा सर्वांच्या काळजांत चर्र झालें. भिंती पुन्हां उभ्या करतां येतात, छप्पर पुन्हां घालतां येतें. त्या लांकडांत शतकभर मुरलेला स्वर कसा होता, तें सांगण्यास एक तर ठसा हवा, नाहीं तर आठवण. आठवण माणसाबरोबर जाते.

आमच्या कुरुळीच्या जुन्या घराचा ठसा कोणी घेतला नाहीं. त्याचा स्वर आज एका वृद्ध मनुष्याच्या कानांत आहे, आणि ते कानही मंदावत चालले आहेत. चाकणपासून चिंचवडपर्यंत अशीं घरें रोज पडत आहेत, आणि त्यांच्या जागीं काँक्रीट चढत आहे. तें थांबविणें माझ्या हातीं नाहीं. पण श्रोते हो, तुमचें जुनें घर अजून उभें असेल, तर तें उतरविण्यापूर्वीं एक करा. घरांत शांतता असतां मधल्या खोलींत एक फुगा फोडा आणि तो आवाज, पूर्णपणें विरेपर्यंत, मुद्रित करून ठेवा. गोधड्या, पोतीं, कपडे, सर्व जागच्या जागीं असूं द्या. दोन क्षणांचें काम आहे. पुढें कधीं घरांतलें कोणी म्हणालें, कीं जुन्या घरांत गाणें गोड वाजे, तर निदान त्या गोडीचें माप तुमच्यापाशीं असेल.